शुक्रवारचा एक प्रश्न

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी एडिनबराहून अविनाशच्या मुलाचा, इंग्लंडमध्येच वाढलेल्या निनादचा, फोन आला. "काका, बाबांची हार्ट थांबली. झोपेत." शेजारीणबाईंनी दार वाजवलं, ते उघडलं नाही, आणि मग त्यांनी निनादला कळवलं. नॉटिंगहॅममध्ये अविनाश आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायचा, पण बातमी मला चारशे किलोमीटरवरून कळली. निनाद दुपारच्या ट्रेनने निघाला आणि आमच्याकडेच उतरला. दोन दिवस फोन येत राहिले. जो तो अविनाशबद्दल डॉक्टर म्हणूनच बोलत होता. किती शांत, किती हुशार, ऑपरेशनआधी पेशंटचा हात कसा धरायचा. सगळं खरं होतं. आफ्रिकेचं नाव मात्र कोणी काढलं नाही.

आमची ओळख तीस वर्षांची. मी कौन्सिलच्या हिशेब खात्यात, तो हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. नागपूरला असताना त्याला इंग्रजीत एम.ए. करून मास्तर व्हायचं होतं. वडिलांनी मेडिकलचा फॉर्म भरला आणि विषय संपला. त्याची बायको, सुनीतावहिनी, गेल्या, पाठोपाठ तो रिटायर झाला, डॉक्टरकीचं लायसन्स परत केलं, आणि एके दिवशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, मलावीतल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवायला जातोय, व्हॉलंटिअर म्हणून. मी म्हटलं, "अरे, तुझं इंग्रजी ऐकून इथले पेशंट दचकायचे."

"माझे पेशंट झोपलेले असायचे. तक्रार कोण करणार?" मग हसू ओसरल्यावर म्हणाला, "चौतीस वर्षं माणसं माझ्यासमोर दोन मिनिटांत झोपली रे. आता जागं राहून ऐकणारं कोणीतरी हवंय."

पाठवणाऱ्या संस्थेची एक अट होती. लायसन्स नाही, विमा नाही, तेव्हा कुणाला तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही. तो नियम मला तेव्हा बरोबर वाटला आणि आजही वाटतो. अविनाश तर त्यावर खूशच होता. आपण डॉक्टर आहोत हे त्याने तिथे कुणाला सांगितलंच नाही.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. वर्गात बासष्ट मुलं आणि पुस्तकं एकोणीस. सुट्टी लागली की मिनीबसमधून फिरायचा. चौघांच्या बाकावर सात माणसं, वर कुणाची तरी कोंबडी मांडीवर. सरोवरातल्या बोटीतून त्याने मला फोटो पाठवला होता, टोपी उडून गेल्यावरचा. आणि शुक्रवारचा त्याचा एक नेम होता. शेवटच्या तासाला पाच मुलांनी प्रत्येकी एक प्रश्न इंग्रजीत विचारायचा, काहीही, आणि सरांनी खरं उत्तर द्यायचं. उत्तरं पाठ करता येतात, तो म्हणायचा, प्रश्न स्वतःचाच लागतो. तुमची बायको का नाही आली? तुमच्या देशात पाणी कोण भरतं? एकाने विचारलं, सर, इथे येण्याआधी तुम्ही काय करत होता? "लोकांना झोपवत होतो," हा म्हणाला. वर्ग हसला, आणि खोटंही बोलावं लागलं नाही. हे त्याने मला इतक्या आनंदाने सांगितलं होतं...

मग एका मुलाच्या घशात मक्याचे दाणे अडकले. अविनाशने त्याला उलटा धरला, घसा मोकळा केला, श्वास चालू केला. पाच मिनिटांचं काम. मुख्याध्यापिकाबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. "तुम्ही शिक्षक नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्याच्या ओट्यावर माणसं बसायला लागली. तो प्रत्येकाला दवाखान्याची वाट दाखवायचा. दवाखाना अठरा किलोमीटरवर होता, सायकलवरून. त्यांतच त्याच्या वर्गातल्या चिसोमो नावाच्या मुलीची आई आली, पाठीला तापाने फणफणलेलं बाळ बांधून. अविनाशने तिलाही दवाखान्यात जायला सांगितलं. सायकल मिळवून दिली, पैसे दिले. बाळाला हात मात्र लावला नाही. ते वाटेत गेलं.

पुढच्या आठवड्यात चिसोमो शाळेत आली. शुक्रवारी प्रश्नासाठी तिचा नंबर होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, सर, तुम्ही माझ्या भावाला बघितलं असतंत, तर तो वाचला असता का?

"वाक्यात एकही चूक नव्हती रे," परत आल्यावर अविनाशने मला सांगितलं. आम्ही त्याच्या लाउंजमध्ये बसलो होतो, हीटिंग लावलेलं नव्हतं, आणि मला लाव म्हणवेना. "रडली असती, ओरडली असती, तर मी तिथे राहू शकलो असतो. तिने फक्त विचारलं. आणि खरं सांगायचं ठरलेलं होतं."

"मग काय सांगितलंस?"

"कदाचित."

पंधरा दिवसांत तो परतला. निनादला, इथल्या सगळ्यांना कारण सांगितलं, गुडघा. मलाही तेच सांगायला बजावलं. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी सुचवलं, भारतातून मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना इंग्रजी बोलायला शिकवा, हॉल आहे, गुरुवारी रिकामा असतो. मीही मागे लागलो. "मला मास्तर म्हणू नकोस," एवढंच म्हणाला. त्यानंतरची तीन वर्षं तो दुपारी पडदे ओढून बसायचा. आम्ही जायचो, चहा व्हायचा, क्रिकेट व्हायचं...

तो जिवंत असेपर्यंत मी गुडघाच सांगितला. पण निनाद आमच्या टेबलाशी बसून अंत्यविधीच्या भाषणाचे मुद्दे काढत होता आणि म्हणाला, "काका, आफ्रिकाचं सोडून देऊ ना? तो काही जमला नाही त्यांना." तेव्हा मी त्याला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. त्याने कप बाजूला सारला. "मी त्यांना म्हटलेला, रिटायर झालात तर नीट हॉलिडे घ्या. म्हटलेला, यू आर नो टीचर." माझी बायको उठून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला निनाद आणि मी रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. समोरच्या बाईंनी नाव, जन्मगाव, पत्ता टाइप केला. मग विचारलं, व्यवसाय?

"निवृत्त भूलतज्ज्ञ," निनाद म्हणाला. त्यांनी टाइप केलं. "आणि शिक्षक."

बाईंनी वर पाहिलं. "शाळेत?"

"मलावीमध्ये." किती दिवस, ते त्याला माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"चौदा महिने," मी म्हटलं.

त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. छापण्याआधी नीट वाचून घ्या, म्हणाल्या, नंतर बदल करणं अवघड जातं. निनादने वाचलं. मी चष्मा लावून वाचलं. अविनाशला हे चाललं असतं का, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. दोघांनीही बरोबर आहे म्हणून सांगितलं.

बँका, पेन्शन, घर यांसाठी निनादने पाच प्रती घेतल्या आणि कार्डाने पैसे दिले. मला कुठल्याही ऑफिसात प्रत दाखवायची नव्हती. तरी मी सहावी मागितली, आणि तिचे साडेबारा पौंड त्या बाईंना वेगळे दिले.