गाडी रुळेपर्यंत

अर्जुना पहिल्यांदा नजरेत भरला तो सांगलीच्या हळदपेठेत, मोटारीच्या बॉनेटला कान लावून उभा असताना. शाळा नुकतीच सुटली होती. पेठेतून पोरांचे लोंढे चालले होते, हमाल पोती उतरवताना एकमेकांवर ओरडत होते, आणि त्या सगळ्या गलक्यात हा उंच, किडकिडीत माणूस, हळदीच्या धुळीनं पिवळी पडलेली खाकी टोपी हातात धरून, डोळे मिटून उभा होता. भिंतीला कान लावून शेजारचं बोलणं ऐकावं तसा. जरा वेळानं त्यानं डोळे उघडले, खिशातून पान्हा काढला, आत कुठंतरी अर्धा फेरा दिला आणि टोपी डोक्यावर घातली. एवढंच. आपलं काम मनापासून करणारा माणूस लांबूनही ओळखू येतो.

तो कराडजवळच्या मलकापूरचा. जवाहरअण्णांच्या मोटारीवर डायव्हर. जवाहरअण्णा म्हणजे सांगलीतले हळदीचे व्यापारी, जैन समाजातलं मानाचं घर. त्यांनी चौतीस साली काळी अमेरिकन मोटार घेतली आणि तिच्यासाठी अर्जुनाला ठेवलं. बारा वर्षं तो मोटारीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहिला. बायको हरणाबाई आणि दोन मुली मलकापुरात. सणावाराला दोन दिवस जायचं, परत यायचं. धाकटी मुलगी तो घरी आला की आईच्या मागं लपायची, आणि ती त्याच्याशी बोलायला लागेस्तोवर त्याची निघायची वेळ झालेली असायची. हे तो कधी कुणाला सांगत नसे, फक्त एकदा म्हणाला होता, "पोरगी मला पाव्हना समजतीया."

लढाई संपली त्या वर्षी जवाहरअण्णा वारले. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा मदन म्हणाला, "मोटार विकून टाकायची. पेट्रोलची कुपनं मिळवता मिळवता जीव जातोय. मला माल न्यायला लॉरी पाहिजे, ही पालखी घेऊन काय करू?"

अर्जुनाच्या मनात काय झालं असेल ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही. पण त्याच आठवड्यात मेहुण्याचा, नाथाजीचा निरोप आला होता. नाथाजीनं मलकापुरात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी घातली होती. इंजिन समजणारा माणूस त्याला हवा होता. "दसऱ्याला गिरणी सुरू करायची. तवर आलास तर तुझी जागा. न्हाई तर दुसरा गडी बघतो, मग मला बोल लावू नगंस." गिरणी अर्जुनाच्या घरापासून चार घरांवर होती. मोटार विकली की त्याला सांगलीत अडवणारं काही उरत नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं पुढच्या महिन्याचा विचार केला.

म्हणून तो मोटारीच्या तयारीला असा लागला की हमालसुद्धा थांबून बघू लागले. फाटलेली गादी त्यानं मोच्याकडून शिवून घेतली, आत नवा काथ्या भरला. टपाच्या भोकांना आतून ठिगळं लावली. रॉकेलात मेण विरघळवून पत्रा इतका घासला की त्यात समोरची वखार दिसावी. रेडिएटर गळत होता. मदन म्हणाला, "मूठभर हळद टाक की पाण्यात. फुगून बसती भोकात. विकंपर्यंत टिकली म्हंजे झालं."

"आनि विकल्यावर?"

"विकल्यावर ज्याची गाडी त्याची हळद."

अर्जुनानं रेडिएटर सोडवला, खांद्यावर घेतला आणि तांबटाच्या दुकानात जाऊन झाळून आणला. गाडी अशी व्हायला हवी होती की कुणीही चालवावी, कुणीही हँडल मारावा आणि तिनं सुरू व्हावं. आपल्यावाचून तिचं अडू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं.

भावाचा प्रश्न निघाला. मदननं कोल्हापुरात कुणाची तरी तसलीच मोटार बावीसशेला गेल्याचं ऐकलं होतं. नव्या मोटारी मिळत नव्हत्या, त्यामुळं जुन्याला सोन्याचा भाव. अर्जुनाला विचारलं तर तो म्हणाला, "पंधराशे. मागची टायरं एक पावसाळा काढतील. गिअरबॉक्स म्हातारी झालीया. खरं सांगून पंधराशे."

"आनि खोटं सांगून?"

"ते तुमी सांगा, मालक. मी डायव्हर हाय."

आता अशा वस्तूचा सौदा कसा करायचा हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पेठेत हळदीचा भाव ठरवता येत होता, मोटारीचा नाही. शेवटी मदननं बाळासोला बोलावलं. बाळासो बैलांचा दलाल. मिरजेपासून खरसुंडीपर्यंतच्या बाजारांत त्याचा रुमाल चाले. दलालानं दोघांचे हात रुमालाखाली घ्यायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतीच्या माणसांना पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ती रीत. बाळासो मोटारीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "दात किती?"

"सहा शिलिंडर," अर्जुना म्हणाला.

"खोड काय? मारकी हाय का?"

"चढावर हट्ट करती. दोनदा क्लच दाबून समजूत काढावी लागती."

"मग आमच्या बायकूपरीस बरी," बाळासो म्हणाला आणि गिऱ्हाईक आणायला वाईला गेला.

गिऱ्हाईक म्हणजे वाईचे नानासो. उसाची शेती, साताऱ्याच्या कोर्टात दोन दावे, आणि वयामुळं बैलगाडीचे हिसके सोसेनात. ते आले ते श्रावणाच्या शेवटी. भाद्रपदात पर्युषण, आक्काताई त्या दिवसांत सौदा करू द्यायच्या नाहीत. आणि पुढं पितृपंधरवडा, त्यात नानासो घ्यायचे नाहीत. आक्काताई म्हणजे मदनच्या आई, जवाहरअण्णांच्या पत्नी. त्या वखारीच्या दाराशी पाटावर बसल्या होत्या.

नानासोंनी बरोबर पुतण्या आणला होता. लालासाहेब. लष्करात लॉरी चालवून आलेला, अंगात अजून हिरवा सदरा. तोच पुढं मोटार चालवणार होता. अर्जुनानं त्याला पाहिलं आणि त्याचा जीव हलका झाला. डायव्हर तयारच होता. त्यानं लालासाहेबाला हँडल कसा मारायचा ते दाखवलं. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. नानासो पुढं बसले, मदन आणि अर्जुना मागं.

पेठेतून आयर्विन पुलापर्यंत ठीक गेलं. पूल ओलांडल्यावर रस्ता चढतो. तिथं लालासाहेबानं गिअर बदलला आणि आतून दातावर दात घासल्यासारखा आवाज आला. अर्जुनानं समोरच्या गादीची कड धरली. लालासाहेबानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज.

"लष्कराच्या लॉरीला असं करावं लागत न्हाई," लालासाहेब म्हणाला.

"लष्कराची लॉरी सरकारची असती," मदन म्हणाला.

तिसऱ्यांदा आवाज आला. त्या वेळी अर्जुनानं गप्प बसायला हवं होतं. चार-सहा दिवस कुरकुरून लालासाहेब शिकला असता, माणूस शिकतोच. गिअरचे दोन दात झिजले असते, तर झिजले असते. मोटार आता त्याची नव्हती. हे सगळं त्याला कळत होतं. पण बारा वर्षं जपलेली ती गिअरबॉक्स दुसऱ्याच्या हाताखाली ओरडत होती, आणि ते त्याला ऐकवेना.

"थांबा," तो म्हणाला. "जरा उतरा. एकदा दावतो."

त्यानं दाखवलं. पाय दोनदा क्लचवर, मधे इंजिनाला एक हलका श्वास, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. मोटार चढ चढली, वळली, परत पुलावर आली. नानासोंच्या मांडीवरची छत्रीही हलली नाही. नानासो वाटभर गाडीकडं बघत नव्हते. ते अर्जुनाच्या हातांकडं बघत होते.

वखारीत परत आल्यावर बाळासोनं रुमाल काढला. एका हाताला नानासोंचा हात, एका हाताला मदनचा. बोटं हलत राहिली. मदनच्या कपाळावर घाम आला, नानासो छताकडं बघत राहिले. मग बाळासोनं रुमाल झटकला. साडेअठराशे. मदनला हसू आवरेना.

"पन एक हाय," नानासो म्हणाले. "मी नुसती गाडी घेत न्हाई. ही गाडी या मानसाच्या हातात गाडी हाय. आमच्या लालूच्या हातात ती भांड्यांचं दुकान हाय."

"गडी जानारच की," बाळासो म्हणाला. "बैलजोडी इकली की रुळंपर्यंत गडी जातो. जनावर परक्या गोठ्यात बुजतं. रीतच हाय ती."

"ही काय जनावर हाय व्हय?" अर्जुना म्हणाला.

"तूच सांगितलंस, हट्ट करती म्हनून."

सगळे हसले. अर्जुना हसला नाही. त्यानं आक्काताईंकडं पाहिलं.

पाच वर्षांपूर्वी हरणाबाईला विषमज्वर झाला होता. तेव्हा या आक्काताईंनी तिला सांगलीला आणवून आपल्या घरात, आपल्या खोलीशेजारी दीड महिना ठेवली होती. स्वतः पेज भरवली होती. त्यानंतर एकदाही त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

"जाईल की," आक्काताई म्हणाल्या, अगदी साधेपणानं, मुलाला पाणी आणायला सांगावं तशा. "आमचा अर्जुना न्हाई म्हनायचा न्हाई. काय रं?"

वखारीत सगळे त्याच्याकडं बघत होते. गिरणीचं त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मोटार विकली की सांगू, असं ठरवलं होतं. आता सांगावं तर सौदा मोडतोय, आणि सौदा मोडला तर आक्काताईंनी सगळ्यांदेखत दिलेला शब्द मोडतोय.

"किती दिस?" त्यानं विचारलं.

"गाडी रुळंपर्यंत," बाळासो म्हणाला.

"म्हंजे किती?"

"गाडीला इचार," नानासो म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

दोन दिवसांनी अर्जुनानं आपली पेटी मोटारीत मागं ठेवली आणि नानासोंना, लालासाहेबाला घेऊन वाईला निघाला. आष्टा, इस्लामपूर, आणि मग पुण्याचा मोठा रस्ता. मलकापूर आलं. रस्त्याच्या कडेला हरणाबाई दोन्ही मुलींना घेऊन उभी होती. तिला निरोप पोचला होता. अर्जुनानं मोटार थांबवली.

नानासोंनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनटं. साताऱ्यात वकील वाट बघतोय."

धाकटी मुलगी मोटारीच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचं तोंड बघू लागली. हरणाबाई म्हणाली, "नाथाजी इचारत हुता."

"त्याला सांग, दसऱ्यापर्यंत येतो."

"दसऱ्याला दीड म्हैना बी न्हाई ऱ्हायला."

"तवर लालासाहेब शिकतील. दोन दिसांचं काम हाय ते."

हरणाबाई लालासाहेबाकडं बघून म्हणाली, "शिका बरं का, भाऊ. लवकर शिका." लालासाहेबानं मान खाली घातली.

अर्जुनानं खरोखर शिकवायला घेतलं. रोज सकाळी, वाईच्या बाहेरच्या माळावर. पायाचा ताल तो तोंडानं म्हणून दाखवायचा. लालासाहेब मंद नव्हता. आठ दिवसांत आवाज निम्म्यावर आला. पण नवव्या दिवशी नानासो माळावर आले, एकदा कुरकुर ऐकली आणि म्हणाले, "बास. माझी गाडी तुमच्या शाळेची पाटी न्हाई. साडेअठराशे मोजल्यात. शिकायचं आसंल तर दुसऱ्याच्या गाडीवर शिक."

"मालक, हात लावल्याबगर कसा शिकंल?" अर्जुना म्हणाला.

"तू हाईस की तवर."

"मी रुळंपर्यंतच हाय."

"मग? अजून रुळली कुठं? चढावर तुझ्याबगर चढत न्हाई."

गाडी रुळायला दुसऱ्या माणसाचा हात लागायला हवा होता, आणि हात लावू द्यायचा नव्हता. अर्जुना दोनदा सांगलीला जाऊन आक्काताईंना सांगायला निघाला. एकदा मोटार स्टँडपर्यंत गेलाही. पण काय सांगायचं? तुम्ही दिलेला शब्द परत घ्या? तो परत फिरला.

दसऱ्याला नाथाजीची गिरणी सुरू झाली. दुपारी तीनपर्यंत नाथाजीनं वाट पाहिली, मग रेठऱ्याचा एक माणूस इंजिनावर ठेवला. तो चांगला निघाला, अजूनही आहे. नाथाजीनं बोल लावला नाही. फक्त हरणाबाईकडून पीठ दळल्याचे पैसे घेत नाही.

लालासाहेब वर्षभर मागच्या गादीवर बसून कंटाळला आणि साताऱ्याला उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर लागला. तिथं तो चांगला डायव्हर म्हणून ओळखला जातो, आणि विचारलं तर सांगतो, "मला अर्जुनानं शिकवलं." मदनच्या दोन लॉऱ्या झाल्या. आक्काताई अजून कुणी वाईकडचं भेटलं की विचारतात, "आमचा अर्जुना सुखात हाय न्हवं?" आणि लोक होय म्हणतात. आक्काताईंना कोण काय सांगणार?

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. थोरल्या मुलीचं लग्न यंदा झालं; लग्नाला तो चार दिवस रजेवर होता. अर्जुना वाईत नानासोंच्या घरामागच्या खोलीत राहतो, आणि महिन्यातून एकदा, रविवारी, सर्व्हिस मोटारीनं मलकापूरला जाऊन सोमवारी सकाळी कामावर हजर असतो.