पाठीमागचं वजन

मी शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणाऱ्यांपैकी मी... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

२००४ चा हिवाळा. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये हौशी लोकांची कयाकची, म्हणजे वल्हवायच्या चिंचोळ्या होडीची, स्पर्धा होती. पलीकडच्या काठाजवळ एक नारिंगी बोया तरंगत ठेवलेला — त्याला वळसा घालून परत यायचं. मी तेव्हा अडतीस वर्षांची, कयाक शिकून जेमतेम वर्ष झालेलं. पूर्ण अंतरासाठी नाव दिलेली बाई मी एकटीच. आयोजक म्हणाले, "मॅडम, तुम्ही अर्ध्यातून वळा ना. उगाच आमची धावपळ नको."

"पूर्णच करणार," मी म्हटलं. मध्ये सोडलं असतं तर पुढच्या वर्षी कुठल्याच बाईला घेतलं नसतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बोयापर्यंत छान गेले. वळले... आणि कयाक मागून खाली बसली. धक्का नाही, आवाज नाही. एखादं माणूस चढून मागे टेकावं, तशी. पुढचं टोक वर उचललं गेलं. कयाक एकाच माणसाची, मागचा भाग बंद. वळून पाहिलं — कोणी नाही.

तेवढ्यात सेफ्टी बोटीवरचे प्रकाशदादा जवळ आले. "ताई, बोट मागून बसलीये तुमची. पाणी भरलंय. चला, ओढून नेतो."

"ओढलंत तर मी बाद ना?"

"बाद तर होणारच."

"मग राहू द्या."

ते शेजारून येत राहिले. समोरून वारा, खांदे पेटलेले, बोट जागची हलेना. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मानेला मागून गारवा लागत होता आणि पुन्हा वळून बघायची हिंमत नव्हती. मग रागच आला. मोठ्याने म्हणाले, "बसायचं तर बस. पण मी थांबणार नाही."

अलीकडच्या काठाआधी बाभळींचं एक टेकाड पाण्यात घुसलंय. त्याच्या टोकाजवळून जाताना कयाक एकदम हलकी झाली. पुढचं टोक खाली आलं, बोट सरळ. मागे उथळ पाण्यात चुबुक चुबुक आवाज — कोणी उतरून काठाकडे चालत जावं तसा... मी पाहिलं नाही. पॅडल मारत राहिले. दोघांना मागे टाकून शेवटून तिसरी आले.

काठावर प्रकाशदादांनी कयाक उलटी केली. थेंब निघाला नाही. मागचं झाकण उघडलं तर आत ठणठणीत कोरडं. "बसली होती हो, मी बघितली ना," एवढंच ते पुटपुटले. माझा नवरा इंजिनिअर. शेवाळ अडकलं असेल म्हणून त्याने तळ तपासला. काही नव्हतं. मग वारा, मग लाटा... एकही कारण जुळेना.

पुढच्या वर्षी पाच बायकांनी पूर्ण अंतराला नावं दिली. आयोजकांनी पाचही लिहून घेतली. बोयाला वळसा घातल्यावर मी क्षणभर पॅडल वर धरलं. शर्यतीत असं कोणी थांबत नाही.

मागे कोणी येऊन बसलं नाही. मी पॅडल पाण्यात घातलं आणि निघाले.