पहिलं मोडलं ते मनगट

दुपारी डोळा लागला की वाटतं, मी अजून पूर्ण पडलेलीच नाही. गार, ओळखीची फरशी हळूहळू वर येत राहते आणि मी तिच्यापर्यंत पोचतच नाही. प्रत्यक्षात सगळं चुटकीसरशी झालं होतं. कोरमंगलाच्या आमच्या फ्लॅटमध्ये पायपुसण्यात पाय अडकला, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने उभ्या जागी पडावं, यात सांगण्यासारखं ते काय!

डॉक्टरीणबाईंना मात्र ते साधं वाटलं नाही. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं, म्हणजे ते आतून विरळ झालंय. एक मोडलं की पुढचं मोडायची भीती वाढते. प्लास्टर निघालं तरी हाडांचं औषध घ्यायचंच, असं त्यांनी बजावलं. मी मान डोलावली. पण हाड जुळल्यावर औषध कोण आणतंय? गरज सरो, वैद्य मरो.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात पेढे घेऊन यशवंतपूरला अक्काकडे निघाले. अक्का माझी थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. टॅक्सीच्या बंद काचेबाहेर झाडं, पूल, माणसं पाण्याखाली असावीत तशी सरकत होती, कशालाच आवाज नव्हता. मला मध्येच पेंग येत होती. मी खुशीत होते.

अक्काच्या खोलीत पडद्यातून पिवळं ऊन आलं होतं. त्या उजेडात तिच्या सुरकुत्या दिसेनात. परकरातली अक्काच पडून आहे असं क्षणभर वाटलं. मी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"स्वल्प जवळ ये गं," ती म्हणाली; थोडंला कानडी 'स्वल्प' म्हणायची तिला इथली सवय लागलेली. पेढा बाजूला ठेवून माझं मनगट कुरवाळत राहिली.

"माझंही आधी मनगटच मोडलं होतं. मीही पेढे वाटले होते."

खरंच की. मी दोन खाल्ले होते. सरळच सांगते, मी घाबरले.

"डॉक्टरांनी औषध सांगितलंय?"

"सांगितलंय."

"घेतेस?"

मी पडद्याकडे बघत बसले.

"मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही," अक्का म्हणाली. "तुला सांगितलंय, तर घे. मी काही आता उठून तुझ्याकडे येणार नाही. तूही अशी पडून राहिलीस, तर आपण दोघींनी भेटायचं कसं?"