आबांचा आवाज असलेली डिस्क

आबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. आबा म्हणजे माझे वडील, गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकवरून गाड्या पुकारण्यात गेलेली. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी रोज संध्याकाळी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवायचो आणि त्यांना बोलतं करायचो. ते सगळं एका हार्ड डिस्कवर काढून ठेवलं. पुढं तो मोबाइल पाण्यात पडून गेला, तरी मी निर्धास्त होतो. डिस्क कपाटात होती.

ऑपरेशननंतर आबा आणि आई आमच्याकडं कोल्हापूरलाच राहिले. आबा स्वतःचा आवाज ऐकायला मात्र तयार होईनात. विषय काढला की मान फिरवायचे. मीही नाद सोडला होता. एका रविवारी न्याहारी झाल्यावर त्यांनी अचानक पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, 'लाव ते.'

मी लगबगीनं डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली. निळा दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच आलं नाही. काढली, पुन्हा घातली. तेच. आबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. त्यांचं लक्ष स्क्रीनकडं नव्हतं, माझ्या तोंडाकडं होतं.

"जरा वेळ लागतोय, आबा," मी म्हटलं.

कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला वायर लावून बघितली, तर एक चौकट उघडली. डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि गडहिंग्लजला ताईला फोन लावला. ती तिथं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"ताई, डिस्क दिसंना झालीया."

"कुठली? आबांची?"

"व्हय."

मग ती म्हणाली, "ते फॉरमॅट बिरमॅट काय म्हणलं तरी न्हाय म्हण. आणि डिस्कला कान लाव. टकटक येतीया का नुसती घरघर?"

मी वाकून कान लावला. आबांनीही मान पुढं केली. "बारीक घरघर हाय."

"मग फिरतीया. आधी वायर बदल."

डिस्कला लागते तसल्या चपट्या तोंडाची दुसरी वायर घरात नव्हती. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत मिळेल म्हणून गाडी काढली. जाताना आबांचं एखादं वाक्य आठवून बघावं म्हटलं. शब्द आठवत होते, आवाज काही केल्या कानात येईना. त्यानं मी जास्तच घाबरलो. डिस्क गेली तर तो आवाज माझ्याकडंही नव्हता.

स्टुडिओचं शटर अर्धंच वर होतं. "काय पावणं, एवढी घाई?" म्हणत मालकानं स्वतःच्या डिस्कची वायर काढून दिली. "काम झालं की आणून द्या."

घरी येऊन वायर जोडली. ती चौकट आली नाही. पण डिस्कही दिसेना. आबांनी पाटी उचलली, काही न लिहिता परत खाली ठेवली. मी पुन्हा ताईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"डिस्क मॅनेजमेंट उघड," ती म्हणाली. "खाली पट्ट्या दिसतील. आपली हाय का त्यात?"

"हाय. पण तिला सी, डी असलं अक्षरच न्हाय."

"हेल्दी लिहिलंय का?"

"व्हय."

तिचा सुस्कारा मला इकडं ऐकू आला. "मग आतलं शाबूत असंल. राइट क्लिक कर, तिला एक अक्षर दे. दुसऱ्या कशावरबी दाबू नगंस."

दोनदा वाचून मी क्लिक केलं. फोल्डर उघडलं. सगळ्या फाइली होत्या. समोर आली तीच लावली.

"अगं, चहा आण की!" आबांचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. "ह्या पोरानं बोलायला लावून घसा कोरडा केलाय माझा!"

"आणते की, थांबा जरा!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

मग आत भांडं पडलं. आई ओल्या हातानं दारात आली. आबांचे खांदे गदगदत होते. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आवाजाशिवाय. आई मात्र हसली नाही. ती उंबऱ्यापाशी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून त्यांच्याकडं बघत राहिली.

"आबांचाच आवाज न्हवं का रे? बोल की कोणतरी!" फोनमधून ताई विचारत होती.

मला आधी सगळ्याची कॉपी काढायची होती. तसं म्हटलंही. आबांनी टेबलावर बोट आपटलं, पुढचं लाव. मी लावलं आणि ते संपेपर्यंत वायर हलू नये म्हणून ती धरून बसलो.