गुसलवाल्या खालाची लेक

“सरळ सांग ना अम्मी, तू मला धुवायला घेतलं होतंस.”

“अंग पुसत होते तुझं. ताप होता.”

“ताप आलेल्या माणसाचं कपाळ पुसतात. तू हाताला फडकं गुंडाळलंस, चादरीखालून हात घातलास, आधी उजवी बाजू, मग डावी. तोंडातून चकार शब्द नाही. मला कळत नाही होय? लहानपणापासून बघतेय मी तुला.”

खालाने हाताकडे पाहिलं. फडकं खरंच गुंडाळलेलं होतं. कधी गुंडाळलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने ते घाईघाईने सोडलं आणि त्या घाईनेच चोरी पकडली गेली.

“मी अजून आहे, अम्मी,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि खालाला तेच सोसवेना.

वस्तीत तिला सगळे गुसलवाली खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. बाईमाणूस गेलं की पहिला निरोप तिच्या दारात येतो. दफनाआधीची शेवटची आंघोळ, ते गुसल, तिच्या हातचं असावं असं बायका जिवंतपणीच सांगून ठेवतात. पाणी ती आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघते, तान्ह्या बाळासाठी बघावं तसं. मेलेल्यालाही लागतं, शरीर सोडून गेलेली रुह सगळं जाणते, यावर तिचा ठाम विश्वास. अंगावर काय काय दिसतं तिला. जुने चटके, वळ, लपवलेल्या गाठी. त्यातलं आजवर एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. लग्नघरी मात्र तिने कुणाच्या केसांचं कौतुक केलं, की ती बाई पदर सावरत म्हणायची, “खाला, माझ्याकडे असं माप घेतल्यासारखं बघू नका हो, मला अजून जेवायचंय.” सगळ्यात आधी खालाच हसायची.

तिची ही एकुलती एक लेक फिजिओथेरपिस्ट झाली. पडलेल्यांना उभं करायची, लुळ्या हातांना पुन्हा घास उचलायला लावायची. तिची नमाज कधी सुटली ते खालाला कळलंही नाही. लेकीनेच एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, की तिचा आता विश्वास उरलेला नाही, आणि घरात उगाच नाटक करणं तिला जमणार नाही. खालाने वाद घातला, रडून पाहिलं, अबोला धरला. मग दोघींनी एक वाट काढली. खाला नमाजला उभी राहिली की लेक रेडिओ बंद करायची, आणि लेकीच्या मैत्रिणी जमल्या की खाला आत जाऊन झोपायची. बरीच वर्षं निभलं.

आता लेकीचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. पलंग खिडकीशी सरकवला होता. तिने पूर्वी एका पेशंटसाठी आणलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता, त्यावर तिचेच कपडे वाळत होते. आणि घरी आल्या आल्या तिने सांगून टाकलं होतं, की तिचं शरीर मेडिकल कॉलेजला द्यायचं. ती स्वतः अशाच एका अनोळखी माणसाच्या देहावर शिकली होती. खांद्याचा सांधा कसा फिरतो, ते त्याने तिला दाखवलं होतं. त्याच्यासारखंच आपणही उपयोगी पडावं, एवढंच तिचं म्हणणं.

खाला इमामसाहेबांकडे जाऊन आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, जीव वाचवण्यासाठी एखादा अवयव द्यावा की नाही यावरही आलिमांमध्ये, धर्माच्या जाणकारांमध्ये, मतभेद आहेत, सबंध देह देण्याला तर मी बरं म्हणू शकत नाही. पण रागावले नाहीत. त्यांनी दुआ केली. खाला गेली तशीच हातात काही न घेता परतली.

“हे शरीर तुझं नाही,” ती आता पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली. “माझंही नाही. अमानत आहे. ज्याची आहे त्याला धड परत करायची असते.”

“मग मीही परतच करतेय. फक्त माणसांना करतेय.”

“मेल्यावर आपलं काही उरत नाही म्हणतेस ना? मग मेल्यावर काय व्हावं याचा एवढा हट्ट कशाला? कुणासाठी?”

 हा प्रश्न मुलीलाही नवा होता.

“कॉलेजला शब्द दिलाय म्हणून,” ती म्हणाली. “बघणारं कुणी नसलं तरी शब्द पाळायचा असतो.”

“हे तुला शिकवलं कुणी?”

“तूच. फक्त कारण माझं वेगळं आहे.”

खालाला हसू आल्यासारखं झालं आणि ते तोंडातच विरलं. मग इतके दिवस आत दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

“मग आपण परत भेटायचं कुठे?”

लेकीने खिडकीकडे मान वळवली.

“मी वस्तीतल्या सगळ्या बायांना पोचवलं,” खाला म्हणाली. “प्रत्येकीच्या मागे मला वाटायचं, ही पुढे गेली, भेटेल. तुझ्या मागे मी काय म्हणू? विश्वास नाही, कबर नाही. मी मातीवर हात तरी कुठे ठेवू?”

“आपण भेटू असं मला म्हणता येणार नाही, अम्मी. मला खोटं सांगता येत नाही. येत असतं, तर तुझ्यासाठी सांगितलं असतं.”

मुलीने उठून बसायचा प्रयत्न केला, जमला नाही. खालाने सवयीने मानेखाली हात घातला. तिच्या तळव्यात ते डोकं रिकाम्या भांड्यासारखं हलकं लागलं.

“कॉलेजवाले म्हणाले, आईने नको म्हटलं तर ते नेणार नाहीत,” लेक हळूच म्हणाली. “माझी सही असली तरी. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. तू मला तुझ्या पद्धतीने धू, कापूर लाव, जनाज्याची नमाज पढव. मी आडवी येणार नाही. त्यानंतर मला त्यांच्या हवाली कर. आत्ता हो म्हणून नंतर फिरलीस, तर मला कळणार नाही. पण तू तसं करणार नाहीस. तुझा अल्लाह बघतोय म्हणून तू करणार नाहीस, आणि माझी सगळी मदार त्यावरच आहे. बोल, देशील?”

एक खोटा होकार पुरला असता. लेक शांत झोपली असती. खालाचे ओठ हललेही, पण खोटा होकार तिच्याने देववला नाही, आणि खराही.

तिने ते डोकं जपून उशीवर ठेवलं. ओढणी सारखी केली. दारातल्या चपला पायात न घालताच ती जिना उतरून गेली.