वरच्या फांद्यांवरची बोंडं
लाल रंगाची नवी ट्यूब उघडली, की तिच्या वासाबरोबर मला हिंगोलीतल्या कॉलेजचा तो हॉल आठवतो. माझं पहिलंच चित्र भिंतीवर लागलं होतं: वाळवंट, आणि त्यात फड्या निवडुंगाची मोठमोठी झुडपं. वाळवंट मी कधी पाहिलं नव्हतं, कॅलेंडर बघून रंगवलं होतं. लाल रंग मध्येच संपला, म्हणून बोंडं फक्त वरच्या फांद्यांवर होती. लोक येत, "एकटेपणा दिसतोय" म्हणत आणि पुढच्या चित्राकडे सरकत. तेवढ्यात घरची हळद शिजवायची सोडून कुरुंद्याहून आलेली माझी मावशी पुढं झाली. तिनं चित्र खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ओरडलीच, "अगं, इथं लेकरं राहतेत! खालची बोंडं काहून न्हाईत? हाताला आली तेवढी खाल्ली की पोरांनी!" पुढं गेलेले लोक मागं फिरले. एक जण म्हणाला, "व्हय की! आमी बी बांधावरची अशीच खायचो, तोंड लालभडक व्हायचं." कुणी वाळूत पावलं शोधू लागलं, कुणी त्या पोरांचं घर कुठं असेल ते बोटानं दाखवू लागलं. मीही गर्दीत घुसले आणि माझ्याच चित्रात पोरं शोधू लागले. आता लाल रंगाच्या ट्यूबा कपाटात पडून असतात, तरी निवडुंगाच्या खालच्या फांद्यांवर मी बोंडं काढत नाही. ती पोरांनी खाल्लेली असतात.