हात लावला की चाल

बुद्धिबळ शिकवून किती खेळाडू तयार केलेत ते विचारू नका, पण किस्से एवढे साठलेत की बायको म्हणते, "पट गुंडाळा आणि हेच सांगत बसा." मी रेल्वेत गार्ड होतो. आता झाशीत, सिव्हिल लाइन्समधल्या घराच्या व्हरांड्यात, दर रविवारी साठीपुढच्यांना नियम शिकवतो.

* * *

उंट तिरपा चालतो हे तिवारीजींना महिनाभर पटेना. "भैया, ऊँट तो हमने सीधा ही चलते देखा है."

शेवटी म्हटलं, "ये समथर के बाज़ार वाला ऊँट है. भीड़ में तिरछा ही निकलेगा." त्या दिवसापासून चूक नाही.

* * *

एकदा त्यांना दाखवलं की वजीर दिला तर तीन चालींत डाव तुमचा.

"इसे हमारी पोती रानी कहती है. झाँसी में रहके रानी दे दें?"

हरले बिचारे, पण ताठ मानेनं घरी गेले.

* * *

कमलकाकू सत्तरीच्या. यजमान आप्पा म्हणजे माझे जुने साहेब. चाळीस वर्षं दोघं घरी खेळतात आणि काकू हरतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला यांना एकदा हरवायचंय. दोघंही धड आहोत तोवर."

मी पहिला नियम सांगितला, हात लावला की चालायचं.

"म्हणजे उचललेला वजीर परत ठेवता येत नाही?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

काकूंनी पटावरचा वजीर उचलला आणि परत ठेवला. "चाळीस वर्षं," एवढंच म्हणाल्या.

* * *

त्यांची खोड एकच, पदरानं सोंगट्या पुसायच्या. मी सांगितलं, नुसतं सरळ करायचं असेल तर आधी 'नीट करते' म्हणा, मगच हात लावा. आता दारातल्या चपलासुद्धा त्या 'नीट करते' म्हणूनच सरळ करतात.

* * *

गेल्या रविवारी काकू आप्पांनाच घेऊन आल्या. डाव रंगला. आप्पांनी वजीर उचलला, समोरचा घोडा दिसला, आणि वजीर गुपचूप जागेवर गेला.

"अहो, हात लावलात."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी नोकरीभर 'जी सर' म्हणत आलोय. आत्ताही तेच तोंडून निघालं, "जी सर..." मग काकूंकडे लक्ष गेलं. "...चालावं लागेल."

वजीर गेला. अर्ध्या तासानं राजाही अडकला. काकू "मात" स्पष्ट म्हणाल्या.

आप्पा उठले. मफलर कसाबसा गुंडाळला, एक टोक पाठीवर, दुसरं गुडघ्यापर्यंत. पायरीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. काकू मागोमाग गेल्या, हात पुढे केला आणि थबकल्या.

"नीट करते," म्हणाल्या.

"कर," म्हणत आप्पांनी मान पुढे केली.